मुलांचं ऐकणं आणि ऐकू न येणं: पालकांचे नेहमीचे प्रश्न

लहान मुलांचे कान तपासताना पालकांकडून जे प्रश्न वर्षानुवर्षं कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या विषयांत दोन वाक्यांत दिलेलं उत्तर खोटा दिलासा तरी देतं किंवा उगीच घाबरवतं. ज्यांना फक्त एखाद्याच प्रश्नाचं उत्तर हवंय, त्यांनी थेट त्या प्रश्नावर जावं.

आवाज कानात शिरल्यावर नेमकं काय होतं?

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारे बारीक चढउतार. बाहेरचा कान ते गोळा करतो आणि कानाच्या नळीतून पडद्यापर्यंत पोचवतो. मोठ्या माणसात ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. पडदा थरथरतो आणि त्याला चिकटलेली तीन हाडं हलू लागतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावं. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची असते आणि शरीरातलं सगळ्यात लहान हाड तेच.

या तीन हाडांची गरज काय, असं वाटेल. आतल्या कानात द्रव असतो, आणि हवेतला आवाज द्रवावर आदळला की त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू येत नाही, ते याचमुळे. ही अडचण मधला कान सोडवतो. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे सतरापट असतं. मोठ्या पडद्यावरचं बळ त्या छोट्या तळव्यावर एकवटतं, हाडांच्या तरफेची त्यात थोडी भर पडते आणि दाब वीसपटीहून जास्त वाढतो. तेवढा दाब आतला द्रव हलवायला पुरतो.

आतला कान, म्हणजे शंखाच्या आकाराचा कॉक्लिया, अडीच वेटोळ्यांचा असतो. उलगडला तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्याच्या लांबीभर एक पातळ पडदी असते. द्रव हलला की तिच्यावरून लाट धावते आणि आवाजाच्या पट्टीनुसार ठरावीक जागी सर्वांत उंच होते: बारीक, तीक्ष्ण आवाज दाराशीच आणि खर्जातले आवाज पार टोकाला. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्या कामासाठी त्यांना 1961 चं नोबेल पारितोषिक मिळालं. पडदीवर केसपेशींच्या रांगा असतात. आतली रांग सुमारे साडेतीन हजार पेशींची, बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे बारा हजार. आतल्या पेशी हालचालीचं विद्युतसंदेशात रूपांतर करून तो श्रवणचेतेकडे, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेकडे, पाठवतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडतात आणि लांबतात, त्यामुळे हलका आवाज मोठा होतो आणि दोन जवळच्या पट्ट्या वेगळ्या ओळखता येतात.

माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. बाळ जो साठा घेऊन जन्मतं, तोच आयुष्यभर पुरवायचा असतो.

मग ऐकतो कोण, कान की मेंदू?

कान आवाज पोचवतो. त्याचा अर्थ मेंदू लावतो आणि हे काम त्याला शिकावं लागतं. जन्माच्या वेळी कॉक्लियाची वाढ जवळपास पूर्ण झालेली असते, पण मेंदूतल्या श्रवणाच्या वाटा पुढची काही वर्षं आवाज ऐकत ऐकतच पक्क्या होतात. पहिली साडेतीन वर्षं त्यात फार मोलाची. या काळात आवाज पोचलाच नाही, तर मेंदूचा तो भाग दुसऱ्या कामांना, विशेषतः पाहण्याला, जुंपला जातो आणि नंतर कितीही उत्तम यंत्र बसवलं तरी बोलणं उलगडणं अवघड जातं.

लहान मुलांच्या बाबतीत आम्ही एवढी घाई करतो ती यासाठी. वयाच्या साठाव्या वर्षी ज्याला कमी ऐकू येऊ लागतं, त्याच्याकडे भाषा आधीपासून असते. बाळाला ती अजून मिळवायची आहे.

पोटातल्या बाळाला ऐकू येतं का?

हो. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. आईच्या शरीरातून गाळून येणारे आवाज बहुतेक खर्जातले असतात: बोलण्याची लय, चढउतार, हृदयाचे ठोके. नवजात बाळ आईचा आवाज इतरांच्या आवाजांपेक्षा वेगळा ओळखतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

आमचं बाळ टाळी वाजवली की दचकतं. म्हणजे ऐकू नीट येतं ना?

सगळ्यात जास्त दिशाभूल करणारी चाचणी हीच. टाळी, ताटली, दाराचा धाडकन आवाज हे सगळे मोठे आवाज. मध्यम प्रमाणात ऐकू न येणारं बाळही त्यांना दचकतं. शिवाय हाताची सावली, हवेचा झोत, पलंगाचा हादरा यांनाही बाळ दाद देतं. पूर्ण बहिरं मूलसुद्धा आई खोलीत आली की वळून पाहतं, कारण तिची चाहूल त्याला जमिनीच्या कंपातून, प्रकाशाच्या बदलातून लागलेली असते. मुलं फार हुशारीने जुळवून घेतात.

त्यातून, ऐकू येणं आणि बोलणं स्पष्ट ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वर, म्, न् हे आवाज खर्जाकडचे आणि त्यातल्या त्यात जोरकस. स्, श्, फ्, ख्, थ् हे वरच्या पट्टीतले आणि दुबळे. बऱ्याच मुलांचं वरच्या पट्टीतलंच ऐकणं कमी झालेलं असतं. हाक मारली की मूल वळतं, गाण्यावर डोलतं, पण 'साखर', 'खापर' आणि 'आकार' त्याला एकसारखेच ऐकू येतात. छापील ओळीतली निम्मी व्यंजनं कुणी खोडून टाकली, तर ती वाचताना आपलं जे होईल, तेच त्या मुलाचं दिवसभर होत असतं. फरक एवढाच की आपल्याला भाषा येते, म्हणून आपण गाळलेल्या जागा भरू शकतो. त्या मुलाला अजून ती येत नाही.

शंका असेल तर घरच्या टाळीवर भरवसा ठेवू नका. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, तपासून घ्या.

जन्मलेलं बाळ काही सांगू शकत नाही. मग त्याची चाचणी करतात कशी?

त्याला काहीच सांगावं लागत नाही. पहिली चाचणी ओएई. कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात, त्यातून टिकटिक आवाज जातो आणि बाहेरच्या केसपेशी धडधाकट असतील तर त्या स्वतःच एक अतिमंद आवाज परत पाठवतात. कान आवाज ऐकतो तसा काढतोही, हे डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवून दिलं आणि नवजात बाळांच्या तपासणीचा मार्ग मोकळा झाला. बाळ शांत असेल तर काही मिनिटांत काम होतं.

दुसरी चाचणी मेंदूपर्यंत जाणारा संदेश मोजते. बोलीभाषेत तिला बेरा म्हणतात. बाळाच्या कपाळावर आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि श्रवणचेता व मेंदूच्या देठातून उठणाऱ्या विद्युतलहरी नोंदवतात. सुई नाही, दुखणं नाही. बाळ दूध पिऊन गाढ झोपलेलं असलं की सर्वांत छान.

दोन्ही चाचण्यांचं महत्त्व वेगळं आहे. काही बाळांच्या केसपेशी ठीक असतात, पण संदेश चेतेतून विस्कटून जातो. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अशा बाळाची ओएई चांगली येते आणि बेरा बिघडलेली. फार दिवस अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांची बेरा आवर्जून करतात ती म्हणूनच.

सहा महिन्यांनंतर मूल मान स्थिर धरू लागलं की खेळातून तपासता येतं. मूल आईच्या मांडीवर बसतं. बाजूच्या स्पीकरमधून आवाज येतो, मूल त्या दिशेला वळलं की काळ्या काचेमागचं खेळणं उजळतं आणि नाचू लागतं. दोन-तीनदा असं झालं की मुलाला सौदा कळतो: आवाज आला की बघायचं, गंमत दिसते. मग आवाज हळूहळू कमी करत नेतात. कितव्या पायरीपर्यंत ते वळतंय, हे तपासणाऱ्याला दिसतं. आईने मात्र अजिबात हलायचं नसतं. आवाज ऐकून तिच्या मांडीचा स्नायू जरा जरी आवळला तरी मुलाला इशारा मिळतो. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायला शिकवतात.

पहिल्या तपासणीत बाळ 'पास' झालं नाही. म्हणजे ते बहिरं आहे का?

बहुतेकदा नाही. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट स्राव असतो, मधल्या कानात द्रव असतो, बाळ रडत असतं. यांपैकी कशानेही चाचणी अडते. परत बोलावलेल्या बाळांपैकी पुष्कळशी दुसऱ्या खेपेला पास होतात.

पण या दिलाशाचा अर्थ दुसऱ्या खेपेला जायचं टाळावं असा नाही. जगभर मानला जाणारा दंडक एक-तीन-सहा असा आहे: पहिली तपासणी एका महिन्याच्या आत, पक्कं निदान तीन महिन्यांच्या आत, उपाय सहा महिन्यांच्या आत. सहा महिन्यांपूर्वी निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा सरस असते, हे 1990 च्या दशकातच संशोधनातून स्पष्ट झालं. ऐकण्यातली कमतरता किती, यावर तो फरक अवलंबून नव्हता.

जन्माच्या वेळी पास झालं होतं. आता दीड वर्षाचं आहे आणि बोलत नाही. कान पुन्हा तपासायचे का?

तपासायचे, आणि लवकर. जन्माच्या तपासणीतून फक्त त्या दिवशीचं ऐकणं कळतं. काही आनुवंशिक प्रकार नंतर उमटतात. गर्भातच झालेल्या सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या संसर्गाचा परिणाम महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. मेंदूज्वर, गालगुंड, गोवर, डोक्याला मार, काही औषधं ही सगळी कारणं जन्मानंतरची आहेत. शिवाय सौम्य कमतरता पहिल्या तपासणीतून निसटू शकते.

बोबड्या आवाजांबद्दल एक सांगायला हवं. न ऐकू येणारं बाळही पहिले काही महिने हुंकारतं, कूजन करतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. ऐकणारं बाळ साधारण दहा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट अक्षरांची माळ लावू लागतं. ती माळ आली नाही किंवा येऊन थांबली, तर लक्ष द्या. वर्षाच्या आसपास नावाला ओ न देणं, दीड वर्षापर्यंत मोजकेही शब्द नसणं, खूण न करता सांगितलेलं साधं काम न कळणं, हेही तसंच. 'याचे बाबाही उशिराच बोलले' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते खरं असेलही. तरी आधी कान तपासा, मग वाट पाहा.

आमच्या घराण्यात कुणीच बहिरं नाही. मग आमच्याच मुलाला का?

या प्रश्नामागे बहुतेकदा आईचा एक न विचारलेला प्रश्न असतो: माझं काही चुकलं का? उत्तर आधी देतो. नाही.

दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतःच कायमची श्रवणक्षीणता असते. त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत कारण आनुवंशिक असतं, आणि तरीही अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील उत्तम ऐकणारे असतात. हे विरोधाभासी वाटतं, पण गणित सरळ आहे. बहुतेक आनुवंशिक प्रकारांत बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत असलेल्या माणसाला काहीच त्रास नसतो, त्यामुळे ती पिढ्यानपिढ्या गुपचूप पुढे सरकते. दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के. यात सर्वांत जास्त आढळणारं जनुक जीजेबी2. जवळच्या नात्यात लग्न झालेलं असेल तर ही शक्यता वाढते.

आनुवंशिक कारणांपैकी साधारण एक तृतीयांश प्रकरणांत श्रवणासोबत आणखी काही गुंतलेलं असतं: मूत्रपिंड, हृदय किंवा डोळे. अशर सिंड्रोममध्ये पुढे रातांधळेपणा येतो. म्हणून निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे डोळे तपासायचेच. या मुलाला जगाशी जोडणारा दुसरा मोठा मार्ग तोच आहे.

आनुवंशिक नसलेल्या कारणांत सायटोमेगॅलोव्हायरस पुढे असतो. गरोदरपणातला रुबेला, खूप अपुरे दिवस, जन्मतः प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ ही बाकीची. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगावरची औषधं केसपेशींना इजा करतात. जीव वाचवायला ती द्यावी लागतात, पण मग श्रवणावर लक्ष ठेवावं लागतं. मुलांमधली सुमारे 60 टक्के श्रवणक्षीणता टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. रुबेला, गोवर, गालगुंड आणि मेंदूज्वराच्या लसी या टाळण्यातला मोठा वाटा उचलतात.

सर्दी झाली की मूल 'आँ? आँ?' करतं. हे कशामुळे?

मधल्या कानातून घशामागे जाणारी एक नळी हवेचा दाब समतोल ठेवते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, सर्दीने चटकन बंद होते. मग मधल्या कानात पाणी साठतं, कधी ते डिंकासारखं चिकट होतं आणि पडदा व हाडं मोकळेपणी हलत नाहीत. ऐकणं साधारण 20 ते 30 डेसिबलने घटतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कळतही नाही. मूल टीव्हीजवळ जाऊन बसतं, मोठ्याने बोलतं, शाळेत 'लक्ष नाही' असा शेरा येतो.

बहुतेकांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर जवळून, समोर बसून बोलायचं. त्याहून जास्त टिकलं आणि ऐकण्यावर परिणाम असला, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवायचा विचार करतात. काही महिन्यांनी ती स्वतःच गळून पडते. कान वारंवार वाहत असेल तर मात्र ते 'दात येताहेत म्हणून' असं समजून सोडून देऊ नका. तेलाचे थेंब तर मुळीच टाकू नका.

ऑडिओग्राम कसा वाचायचा?

ऑडिओग्राम म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी असते, डावीकडे खर्ज (250 हर्ट्झ), उजवीकडे बारीक (8000 हर्ट्झ). उभ्या रेषेवर आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये, वर हलकी, खाली मोठी. प्रत्येक पट्टीत मुलाला ऐकू आलेला सर्वांत हलका आवाज खुणेने दाखवतात: उजव्या कानाला लाल गोल, डाव्या कानाला निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी.

कुजबुज साधारण 30 डेसिबल, नेहमीचं बोलणं 60. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत 20 पेक्षा कमी म्हणजे सामान्य, 20 ते 35 सौम्य, 35 ते 50 मध्यम, 50 ते 65 मध्यम-तीव्र, 65 ते 80 तीव्र, 80 ते 95 अतितीव्र आणि त्यापुढे जवळपास पूर्ण.

'किती टक्के ऐकू येत नाही?' असं पालक विचारतात. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. 60 डेसिबलची कमतरता असलेल्या मुलाला 40 टक्के ऐकू येतं असं मुळीच नाही. यंत्राविना त्याला शेजारच्या माणसाचं नेहमीचं बोलणंही जेमतेम कळेल.

'थोडंसंच कमी आहे' किंवा 'एकच कान गेलाय.' तेवढं चालतं ना?

शांत खोलीत, समोरासमोर चालतं. पण बालपण शांत खोलीत जात नाही. मूल भाषा शिकतं त्यातला मोठा भाग त्याच्याशी कुणी बोलत नसतानाचा असतो: मोठ्यांच्या गप्पा, भावंडांचं भांडण, फोनवरचं बोलणं. सौम्य कमतरतेचं मूल हे सगळं लांबचं बोलणं गमावतं. शब्दसाठा हळू वाढतो, शब्दांच्या शेवटचे प्रत्यय निसटतात, विनोद उशिरा कळतात. जे ऐकू येतं ते जुळवायला डोकं इतकं लागतं की संध्याकाळी मूल चिडचिडं होतं, आणि घरच्यांना वाटतं स्वभावच तसा.

आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. एका कानाकडून दुसऱ्याकडे पोचायला आवाजाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ जास्त लागतो आणि तेवढाही फरक मेंदूला पुरतो. एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलाला ही सोय नसते. रस्त्यावर गाडी कुठून येतेय ते कळत नाही आणि गोंगाटात हवा तो आवाज वेगळा काढता येत नाही. अशा मुलांपैकी पुष्कळांना शाळेत जादा मदत लागते. चांगला कान वर्गाकडे राहील अशी जागा, दूरचं बोलणं जवळ आणणारा मायक्रोफोन आणि नियमित तपासणी, एवढं तरी हवंच. उरलेल्या एका कानाची काळजी दुप्पट घ्यायची.

श्रवणयंत्राची सवय लागली की कान आळशी होतो म्हणतात. खरं का?

नाही. नीट बसवलेलं, मोजून आवाज लावलेलं यंत्र कान बिघडवत नाही. यंत्र न लावल्याने मात्र मेंदूची उपासमार होते. जागेपणीचा सगळा वेळ यंत्र कानावर हवं, फक्त शाळेपुरतं किंवा थेरपीपुरतं नाही.

बाळं यंत्र ओढून काढतात, चावतात, फेकतात. तो बहुतेकदा खेळ असतो. पण रोजच काढत असेल तर साचा (यंत्राचा कानात बसणारा, मापाचा भाग) टोचतोय का, आवाज फार मोठा लागलाय का, ते पाहून घ्या. बाळाचा कान भराभर वाढतो, त्यामुळे साचा पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. सैल झाला की शिट्टी वाजते.

यंत्र चालू आहे की नाही, हे रोज सकाळी पाहायची एक सोपी पद्धत आहे. मुलाच्या मागे किंवा तोंड झाकून सहा आवाज काढा: आ, ऊ, ई, म्, श्, स्. मिळून बोलण्याच्या खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या त्यात येतात. मोठं मूल आवाज परत म्हणेल, लहान असेल तर नुसतं थबकेल किंवा वळेल. काल 'स्' ऐकू येत होता आणि आज येत नसेल, तर आधी बॅटरी, मग साच्यातला मळ, मग कान, या क्रमाने बघा.

कॉक्लिअर इम्प्लांट कुणाला? आणि बसवलं की मूल लगेच ऐकतं का?

तीव्र ते अतितीव्र कमतरता असून चांगल्या श्रवणयंत्राचाही बोलणं कळण्यासाठी पुरेसा उपयोग होत नसेल, तर इम्प्लांटचा विचार होतो. शस्त्रक्रियेत कॉक्लियात बारीक इलेक्ट्रोडची तार सरकवतात. बाहेरचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचं संकेतांत रूपांतर करून कातडीतून आत पाठवतो आणि इलेक्ट्रोड मेलेल्या केसपेशींना वगळून थेट चेतेला चेतवतात. हजारो केसपेशींचं काम 12 ते 22 इलेक्ट्रोडवर येतं. त्यातून भाषा उलगडता येते, हे माणसाच्या मेंदूचं खरोखर अचाट सामर्थ्य आहे.

यंत्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी चालू करतात. त्या क्षणी मूल हसेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पुष्कळ मुलं रडतात, दचकतात किंवा काहीच करत नाहीत. तिघांतलं काहीही झालं तरी ठीक. त्या दिवसापासून त्याचं ऐकण्याचं वय शून्य धरायचं. पुढे महिनोन् महिने आवाजाची जुळवणी आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी लागते, आणि यश बरंचसं त्यावर ठरतं. वर्षाच्या आत-बाहेर इम्प्लांट झालेल्या पुष्कळ मुलांची बोली त्यांच्या वयाच्या ऐकणाऱ्या मुलांच्या जवळ जाते. जन्मतः बहिऱ्या मुलाला सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदा इम्प्लांट झालं, तर आवाजाची जाणीव येते, पण बोलणं उलगडणं बरंच कठीण राहतं. हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट बोलून घ्या. आणि यंत्र काढलं की मूल पुन्हा बहिरंच असतं, अंघोळीत आणि रात्री, हेही घरच्या सगळ्यांना ठाऊक हवं.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलायचं थांबेल का?

खुणांमुळे बोलणं थांबतं याला आधार नाही. सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण असतं, त्यांत कविता होते, वाद होतो, विज्ञान शिकवता येतं. बाळ ती लहानपणी पाहत वाढलं, तर ऐकणाऱ्या बाळाच्या बोलीसारख्याच टप्प्यांनी शिकतं.

धोका भाषेशिवाय राहण्यात आहे. यंत्राची वाट पाहण्यात, कागदपत्रांत, दुसऱ्या-तिसऱ्या मतात दोन वर्षं गेली आणि तोवर मुलाकडे ना बोली ना खुणा, तर विचार करायलाच साधन मिळालेलं नसतं. कुणी बोलीचा मार्ग निवडेल, कुणी खुणांचा, कुणी दोन्ही. निवड कुटुंबाची. पण आज रात्री मुलाला 'का?' विचारता आलं पाहिजे आणि घरात कुणाला तरी ते समजलं पाहिजे.

घरात दोन भाषा बोलतो. एक बंद करू का?

गरज नाही. ज्या भाषेत तुम्ही मनापासून, भरभरून बोलता, तीच मुलाशी बोला. तुटक्या परक्या भाषेपेक्षा ती शतपटीने बरी.

शाळेत काय सांगावं?

यंत्रामुळे ऐकणं पूर्ववत होत नाही, हे सर्वांत आधी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो, वर पंख्यांचा, बाकांचा आवाज आणि भिंतींवरून येणारा घुमारा. मुलाला पुढे बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, दुसऱ्या मुलाने दिलेलं उत्तर पुन्हा म्हणा. शिक्षकांच्या गळ्यातला मायक्रोफोन आवाज थेट यंत्रात पोचवतो, आणि या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका क्वचितच कशाने पडतो. 'कळलं का?' असं विचारू नका. मूल मान डोलावेल. काय कळलं ते सांगायला लावा.

हेडफोन किती वेळ चालतील?

मुलांसाठी आठवड्याला 40 तास, सरासरी 75 डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. मोठ्यांसाठी ती 80 आहे. दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून बोललेलं कळत नसेल, तर आवाज जास्त आहे. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहणं हा केसपेशींना इजा झाल्याचा इशारा आहे.

कानातला मळ बडने काढावा का?

नाही. तो स्वतः बाहेर येतो, बड त्याला आत ढकलतो.

पुढे कधी बहिरेपण औषधाने बरं होईल का?

एका दुर्मीळ प्रकारात सुरुवात झाली आहे. ओटीओएफ जनुकातल्या दोषात केसपेशी जिवंत असतात, पण संदेश पुढे पाठवू शकत नाहीत. या मुलांच्या आतल्या कानात निरोगी जनुक पोचवल्यावर काहींना ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. ही खरी आणि मोठी बातमी आहे. पण बाकीच्या प्रकारांसाठी तशी सोय अजून नाही, आणि ती येईल म्हणून आजचं यंत्र लांबणीवर टाकलं तर भाषेची वर्षं हातची जातील.

कोणत्या वेळी एक दिवसही थांबू नये?

एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही प्रकारांत पहिल्या दिवसांतच औषधाचा उपयोग होतो. जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वरानंतर मूल घरी न्यायच्या आधी किंवा लगेच नंतर श्रवणचाचणी करून घ्या. या आजारानंतर कॉक्लियात हाड भरू लागतं आणि इम्प्लांटची वाट काही आठवड्यांत बंद होऊ शकते. कानामागे लाल, दुखरी सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, डोक्याला मार लागून कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर थेट रुग्णालयात. नवजात बाळ श्रवणतपासणीत पास झालं नाही आणि सायटोमेगॅलोव्हायरसची शंका असेल, तर तपासणीचा नमुना पहिल्या 21 दिवसांत द्यावा लागतो. त्यानंतर संसर्ग जन्माआधीचा की नंतरचा, हे सांगणं अवघड होतं. आणि यंत्राची बटण-बॅटरी मुलाने गिळली, निदान तशी शंकाही आली, तर लक्षणांची वाट पाहू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजते. यंत्राचं बॅटरीचं दार कुलूपबंद होणारं घ्या आणि जुन्या बॅटऱ्या मोजून टाका.